बांधापलीकडचं हरीण

बर्फ वितळलं तेव्हा कळलं, हिवाळाभर आमच्या बागेत पंगती उठत होत्या.

मी गमबूट घालून ओळींमधून चालत गेले. सफरचंदाची रोपं तिसऱ्या वर्षातली, माझ्या छातीएवढी. एकाही फांदीला शेंडा शिल्लक नव्हता. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते कातरल्यासारखं खात नाही, ओरबाडतं. फांद्यांच्या टोकांना नुसत्या चिंध्या लोंबत होत्या. खाली नरांनी शिंगं घासून साली काढलेल्या. साल चारी बाजूंनी गेली की झाड मेलंच, फक्त ते पुढं महिनाभर हिरवं राहून आपल्याला फसवतं. मी एकेका खोडाला हात लावत गेले आणि शिव्या देत गेले. वरूडकडच्या, चांगल्या ठसठशीत. इथं त्या कुणाला कळत नाहीत, एवढं एक बरं आहे.

वरूड माझं माहेर. वडिलांची संत्र्याची बाग होती. तिथं रोही यायचे. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका रात्रीत शेत चेंदून जातं. वडील मचाणावर बसून डबा बडवायचे. मी पुढं शिकले, लग्न करून मिशिगनला आले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत म्हातारी झाले. पण रिटायर झाल्यावर नोव्हाय शहरातलं घर विकून टाऊनहाऊस घ्यायची वेळ आली तेव्हा मी पाय रोवले. म्हटलं, मला जमीन पाहिजे. आयुष्यभर काचेच्या नळ्या धरल्या, आता फावडं धरीन.

अवधूत, म्हणजे माझे यजमान. समोर मी त्यांना 'अहो' म्हणते, सांगताना नाव घेते, सोपं पडतं. ते गाड्यांची दारं डिझाइन करायचे. जमिनीला त्यांनी हो म्हटलं, पण मनापासून नाही. माणूस माळकरी. घरात अंडं येत नाही. मला मटण लागतं, म्हणून गॅरेजमध्ये माझी वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा झारा. मिशिगनच्या थंडीत जॅकेट घालून मटणाला फोडणी देणारी बाई दुसरी कुणी असेल तर मला भेटवा.

हरणांसाठी सगळं करून झालं होतं. साबणाच्या वड्या मोज्यात घालून फांद्यांना टांगल्या. न्हाव्याकडून केस आणून पसरले. सडक्या अंड्याच्या वासाचा फवारा मारला. तो मारून आले की अवधूत मला दारातच थांबवायचे आणि आधी आंघोळ कर म्हणायचे. हरणं मात्र तो चटणीसारखा तोंडी लावत होती. उंच कुंपण घालायचं तर आख्ख्या बागेपेक्षा महाग.

त्या सकाळी मी आणि अवधूत ओळीच्या टोकाला उभे होतो तेव्हा रॉजर आला. रॉजर आमचा शेजारी. बांधापलीकडचं सगळं रान त्याचं. बांध म्हणजे इकडची गवताची एक पट्टी आणि चार खुंट, त्यांना नारिंगी रंग मारलेला. रॉजर आपली चार चाकांची फटफटी घेऊन बांधापर्यंत येतो, इंजिन बंद करत नाही, आणि त्या आवाजावरून ओरडून बोलतो.

"मॉर्निंग, डॉक!" तो अवधूतना म्हणाला. अवधूत डॉक्टर नाहीत. दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. मला तो 'यंग लेडी' म्हणतो. मी पासष्टीची आहे, माझे गुडघे वाजतात, आणि यंग लेडी!

"रफ विंटर," तो झाडांकडे बघत म्हणाला. चेहरा वाईट वाटल्याचा. वाईट वाटायचं त्याला कारण नव्हतं. तो आपलं रान शिकागोच्या शिकाऱ्यांना भाड्यानं देतो. त्यांना भिंतीवर लावायला मोठ्या शिंगांचे नर हवेत. नर हवेत तर माद्या हव्यात, माद्यांना चारा हवा, आणि चारा म्हणजे माझी बाग. बाग बसली की आमची जागा तो घेणार होता. तसं तो दर वर्षी सांगायचाच. "ऑफर स्टँड्स, डॉक. एनी टाइम."

तो गेल्यावर अवधूत म्हणाले, "सुलेखा, आता पुरे."

"काय पुरे?"

"हे. तुझे हात बघ. पाठ बघ. येत्या हिवाळ्यात पुन्हा खाल्लं तर मी रॉजरला हो म्हणणार. तू पण सही करायचीस. बोल."

मी झाडाची लोंबती साल हातानं दाबून बसवत होते. ती बसत नव्हती. मला इतका राग आला की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"खाल्लं तर," मी म्हटलं. "मी खाऊ देणार नाही. मी मारणार."

"काय?"

"हरणं. सीझनमध्ये. लायसन्स काढून, कायद्यानं."

अवधूत तिथूनच मागं फिरले. मग घरात जाऊन त्यांनी हातपाय धुतले.

*

आमच्या गावात लायसन्स हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. खिळे, रंग, पक्ष्यांचे दाणे आणि शिकारीचे परवाने, सगळं एकाच काउंटरवर. अवधूतना नळाचा वायसर हवा होता म्हणून ते सोबत आले. काउंटरवरच्या पोरीनं माझं ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मान हलवली.

"तुमचा जन्म साठ सालचा आहे. साठ आणि त्यानंतरचे असाल तर हंटर सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं."

"आणि आधीचे?"

"आधीच्यांना नाही लागत."

आता गंमत ऐका. माझा जन्म एकोणसाठचा, पोळ्याच्या दिवशीचा. आई नेहमी सांगायची, दारात बैल सजवून उभे होते आणि तू आलीस. पण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी विचारलं, तारीख काय? वडिलांना सांगता येईना. मास्तरांनी लिहिलं, एक जून साठ. त्या काळातल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनचा आहे. नोव्हायच्या मराठी मंडळात एक जूनला केक कापायचा तर रांग लावावी लागेल. आणि अवधूत? ते माझ्याहून लहान. पण थोरल्या भावाबरोबर यांनाही शाळेत ढकलायचं होतं, म्हणून मास्तरांनी यांना एक जून अठ्ठावन्न करून टाकलं.

पोरीनं सहज अवधूतचं कार्ड बघितलं. "ही इज गुड टु गो," ती म्हणाली. "यांना आत्ता देऊ शकते."

अवधूत हातात वायसर घेऊन दोन पावलं मागं सरले. ज्या माणसानं आयुष्यात गलोल धरली नाही, जो झुरळ कागदावर घेऊन अंगणात सोडतो, त्याला अमेरिका बंदूक घेऊन रानात जा म्हणत होती. आणि मी, जी मचाणाखाली झोपून मोठी झाले, तिनं म्हणे आधी वर्गात बसायचं.

"यांच्या नावावर घ्या ना," पोर हळूच म्हणाली आणि डोळा मारला. "खूप जण करतात."

"माझ्या नावावर नाही," अवधूत मराठीतच म्हणाले.

"मला यांचं नाव नकोच आहे," मी तिला इंग्रजीत सांगितलं. "माझ्या नावावर पाहिजे. वर्ग कुठं आहे?"

संध्याकाळी ऋताचा फोन आला. ही आमची मुलगी, तिकडे लांब बेलव्ह्यूला असते. बापानं आधीच चहाडी केली होती.

"मॉम, आर यू सिरियस? जस्ट हायर समवन!"

"कुणाला हायर करू? इथं शिकारी सगळे रॉजरचे."

"इट्स सो... व्हायलंट."

"मागच्या वेळी आलीस तेव्हा बर्गर खाल्लास तो काय झाडावरून तोडलेला होता?"

"दॅट्स डिफरंट, मॉम."

"काय डिफरंट आहे ते मराठीत सांग," मी म्हटलं. तिनं फोन बापाकडे द्यायला सांगितलं.

*

उन्हाळाभर मी सकाळी बागेत आणि दुपारी कॉम्प्युटरवर. अर्धा कोर्स ऑनलाइन असतो. नळी कुठं रोखायची, बोट घोड्यावर कधी ठेवायचं नाही, हरणाचं काळीज कुठं असतं, दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी तो अभ्यास लॅबच्या परीक्षेसारखा केला. वाचलेल्या झाडांना नवे कोंब फुटले होते. ते बघून यायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. उरलेला अर्धा कोर्स बंदुकीच्या क्लबवर, प्रत्यक्ष.

क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड. आत दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांचे बाप. मी आत गेल्यावर एका बाईनं विचारलं, "नातवाला घेऊन आलात?" मी म्हटलं, "नाही, मीच नातू." ती हसली नाही. शिकवणारा हँक नावाचा माणूस, मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा. मला सांगताना तो आणखी मोठ्यानं आणि आणखी हळू बोलायचा. "धिस. इज. द. मझल." म्हणजे नळीचं तोंड. मी म्हटलं, "आय. नो." पोरं हसली, हँकही हसला, मग बरा वागला.

लेखी परीक्षेत मी पहिली आले. पोरांपेक्षा पहिली येण्यात काय मोठेपणा, पण आले. मग बंदूक हाताळायची पाळी. रिकामी शॉटगन सतरंजीवर ठेवलेली. जवळ जायचं, उचलायची, उघडून रिकामी असल्याचं दाखवायचं, लुटुपुटीचं कुंपण ओलांडायचं. मी पुढं गेले. गमबूट नवे, जड. वाकायच्या आधीच बुटाचं टोक बंदुकीला लागलं.

आणि काय सांगू, हात आपोआप गेला. पाय लागला की आपण काय करतो? वहीला, विळ्याला, तराजूला, कशालाही? मी वाकले, बंदुकीला हात लावला आणि तो कपाळाला लावायला डोकं खाली नेलं. नळीच्या तोंडावर.

"स्टॉप!" हँक असा ओरडला की एका पोराच्या हातातलं सरबत सांडलं. "मॅम! स्टेप बॅक! यू जस्ट पुट युअर हेड इन फ्रंट ऑफ द मझल!"

मी समजावून सांगायला लागले. पाय लागला, आमच्यात नमस्कार करतात, वस्तूची क्षमा मागतात. इंग्रजीत ते फार खुळं वाटत होतं. हँकनं सगळं ऐकून घेतलं. "आय अंडरस्टँड," तो म्हणाला. "बट आय कान्ट पास यू." इतरांसाठी त्यानं पुन्हा फळ्यावर लिहिलं: नळीसमोर डोकं नाही. बारा वर्षांच्या पोरांनी माझ्याकडे बघत वहीत उतरवून घेतलं. मी मान वर ठेवून गाडीपर्यंत चालत गेले. कान तापले होते.

गाडीत अवधूत वाट बघत बसले होते. ऐकल्यावर त्यांना हसू फुटलं.

"बघ. देवानंच सांगितलं."

"देवानं काही सांगितलं नाही. पाय चुकला."

"तुझं मन नाही यात, सुलेखा."

"माझं मन आहे!" मी इतक्या जोरात म्हटलं की काचेवर वाफ आली. "माझं मनच आहे, तुमचं नाही. तुम्हाला मी नापास व्हायला पाहिजे होतं, म्हणजे रॉजरला हो म्हणायला मोकळे!" त्यांनी गाडी सुरू केली.

*

पुढची परीक्षा सप्टेंबरात होती. तोवर ही सवय मोडायची होती. पण जन्माची सवय मोडायची कशी? मी गॅरेजमध्ये खुरपं, कुदळ, छाटणीची करवत जमिनीवर मांडायला लागले. जायचं, मुद्दाम पाय लावायचा, आणि हात खाली बांधून ठेवायचे. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. वडिलांनी बघितलं असतं तर कानाखाली काढली असती. मी खुरप्याला लाथ मारायचे, दात आवळून उभी राहायचे आणि तोंडानं म्हणायचे, रागावू नको बाबा, नाइलाज आहे.

अवधूत एकदा चहा विचारायला आले आणि दारातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"अभ्यास."

"अवजारांना लाथा मारतेस?" बंदुकीनं दुखावले नव्हते तेवढे ते ह्यानं दुखावले. वाकून त्यांनी कुदळीला नमस्कार केला, करवतीला केला, खुरप्यालाही केला, आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले की ते मागच्या बाजूला येऊन बसायचे आणि माझं झालं की सगळ्यांना नमस्कार करून टाकायचे. माझ्या वाटचा.

गणपतीत आम्ही नोव्हायला गेलो. मंडळाच्या नैवेद्याचे मोदक दर वर्षी माझ्याकडे. कमिटीची विनीता मला कोपऱ्यात घेऊन गेली.

"सुलेखाताई, राग मानू नका हं. पण यंदा मोदक कुणी दुसऱ्यानं केलेले बरे, असं काही जणांचं म्हणणं पडलं."

"कुणाचं?"

"म्हणजे असंच. तुम्ही ते... बंदूक वगैरे... लोकांना विचित्र वाटतं."

"मागच्या पिकनिकला चिकन टिक्का कुणी आणला होता, विनीता?"

"ते दुकानातलं होतं, ताई."

"दुकानात कोंबडी आत्महत्या करते का?"

ती लाल झाली. मी पुढं म्हटलं, "आणि अजून मी एक मुंगी मारलेली नाही. सर्टिफिकेट मिळू दे, मग काढ मला." हॉलमध्ये माझ्या आवाजानं माणसं वळून बघत होती. मी पदर खोचला, स्वयंपाकघरात शिरले आणि उकड काढायला घेतली. कुणाची हिंमत झाली नाही मला उठवायची. मोदक सगळे संपले. विनीतानं तीन खाल्ले.

सप्टेंबरात हँकनं मला बघितलं आणि भुवया उंचावल्या. सतरंजी तीच. मी पुढं गेले. या वेळी पाय लागला नाही, पण हँक चलाख. म्हणाला, "आता बुटानं हलकेच स्पर्श करा." सगळे बघत होते. मी केला. हात जागचा हलला नाही. मनात केला नमस्कार. मन कुणाच्या नळीसमोर येत नाही. मग बंदूक उचलली, उघडली, रिकामी दाखवली, कुंपण ओलांडलं, उतरवून ठेवली.

"दॅट," हँक म्हणाला, "इज अ पास."

त्यानं कार्ड हातात दिलं तेव्हा मी त्या शेडमध्ये सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अवधूतनी रुमाल दिला.

पुढचं सगळं रांगा लावण्याचं. बंदूक विकत घ्यायची तर शेरीफच्या ऑफिसातून वेगळा परवाना. तिथल्या माणसानं माझं नाव चार वेळा विचारलं, चारही वेळा वेगळं लिहिलं, मी चारही वेळा दुरुस्त करायला लावलं. मग बंदूक. मग कुलूपबंद कपाट. मग रेंजवर सराव. दस्ता खांद्यावर असा आदळायचा की काख निळी पडली, ब्लाउजची बाही चढेना. अवधूत गरम पाण्याची पिशवी करून द्यायचे आणि तोंड फिरवून बसायचे. शेवटी पुन्हा हार्डवेअरच्या दुकानात. त्याच पोरीनं लायसन्स छापून दिलं, हरणाला बांधायचे दोन टॅग दिले, एका टॅगला एक हरीण. त्यावर माझं नाव बरोबर होतं. मी ते दोनदा वाचलं.

*

सीझन पंधरा नोव्हेंबरला उघडतो. बघते तर यंदा त्या दिवशी एकादशी.

"आज तरी नको," अवधूत आदल्या संध्याकाळी म्हणाले. "एक दिवस थांब."

"हरणं थांबतील का? त्यांना कुठं एकादशी आहे?"

पहाटे मी उठले. गारठा हाडात शिरणारा. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी. बागेच्या वरच्या टोकाला सफरचंदं भरायचं मोठं लाकडी खोकं उलटं घातलं होतं, त्यावर बसले. गवत दहिवरानं पांढरं. पलीकडे रॉजरच्या रानात झाडांवर बांधलेल्या मचाणांत त्याचे शिकागोवाले चढल्याचे आवाज आले, खोकला आला. मग सगळं शांत झालं. बोटं बधिर झाली, ती मी काखेत धरून बसले. गुडघे दुखत होते. भीती वाटत होती का? वाटत होती. मारायची नव्हे, चुकायची.

उजाडलं. शिकारीच्या परवानगीची वेळ झाली. मग माद्या आल्या, रानातून, बांध ओलांडून, एकामागं एक. पुढं एक मोठी मादी. ती सरळ वाचलेल्या रोपांच्या ओळीत गेली आणि मान उंचावून एक कोंब ओरबाडला. त्याचा आवाज मला ऐकू आला. मागं मातीचा उतार होता, मधे माणूस नाही, घर नाही. मी दस्ता खांद्याला लावला. श्वास सोडला.

बार मोठा झाला. मादी हवेत उडाली, वळली, खाली मान घालून बांधाकडं पळाली. बाकीच्या शेपट्या उंच करून पसार झाल्या. मी बंदूक रिकामी करून खोक्याला टेकवली आणि रक्ताच्या मागानं चालत गेले. दहिवरावर लाल ठिपके, मग मोठे डाग. नारिंगी खुंटापर्यंत गेले आणि थांबले.

ती पलीकडं पडली होती, सुकलेल्या नेच्यात, दोन हातांवर. डोळे उघडे. मेली होती. तिथून पुढं रॉजरची जमीन.

फटफटीचा आवाज आला. रॉजर आला, त्यानं मादी बघितली, मला बघितलं. या वेळी इंजिन बंद केलं.

"वेल, वेल," तो म्हणाला. "यंग लेडी."

"रॉजर, ही माझी आहे. मी माझ्या जागेत मारली, माग बघ. तुझ्या जागेत येऊन घेऊ का?"

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. एक पाऊल पुढं पडलं की मी चोर. त्यानं एक फोन लावायचा, आणि लायसन्स, बंदूक, वर्षभराची मेहनत, सगळं जाणार. मी दोन्ही बूट खुंटाच्या अलीकडे जुळवून उभी राहिले.

"नो," तो शेवटी म्हणाला. "आय डोन्ट थिंक सो."

"मग मी इथंच उभी आहे."

"सूट युअरसेल्फ."

मी उभी राहिले. तोही बसून राहिला. वारा सुटला. मी टोपी कानांवर ओढली, पण बसले नाही. माझ्यासमोर ती मादी हळूहळू गार पडत होती, आणि मला तिची लाज वाटत होती. मारायचं तर नीट न्यायचं, सोलायचं, खायचं. मेलेल्या जिवाला असं पाडून ठेवणं यासारखं पाप नाही, आणि ते मला डोळ्यांनी बघावं लागत होतं.

मागून पावलं वाजली. बार ऐकून अवधूत आले होते. मफलर, वर मी आणलेली नारिंगी टोपी, हातात चहाचा थर्मास. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी मादीकडे बघितलं. ओठ हलले.

"डॉक!" रॉजर हसून म्हणाला. "लेट्स बी नेबर्ली. तुम्ही जागेच्या कागदावर सही करायचं कबूल करा, ही आपलं हरीण घेऊन जाईल, मी हातही लावीन उचलायला. ही थंडी तुमच्या वयाला बरी नाही."

अवधूतनी मला मराठीत विचारलं, "तू आत का जात नाहीस?"

"परवानगी नाही. कायदा आहे."

"दोन हातांवर तर आहे."

"असू दे."

"किती वेळ उभी आहेस?"

"हा आला तेव्हापासून."

"आणि हा बसून बघतोय."

"हो."

अवधूतनी थर्मास गवतात ठेवला. मी त्यांना इतक्या वर्षांत रागावलेलं फार थोड्या वेळा बघितलं आहे. त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो.

"आय ॲम नॉट अ डॉक्टर," ते रॉजरला म्हणाले. "माय नेम इज अवधूत. से इट."

रॉजरनं फटफटीच्या किल्लीला हात घातला.

"अँड देअर इज नो सेल. नॉट धिस इयर, नॉट एनी इयर. कीप द डिअर. माय वाइफ हॅज अनदर टॅग."

"इट विल रॉट हिअर, डॉक."

"ऑन युअर लँड," अवधूत म्हणाले. "युअर सिन."

रानातल्या मचाणावरून कुणीतरी ओरडलं, गप्प बसा म्हणून, सकाळ वाया घालवताय म्हणून. रॉजरनं टोपी खाली ओढली, फटफटी सुरू केली, दोनदा बंद पडली, मग निघाली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, रागाचं की कशाचं कुणास ठाऊक. मी ते पुसलं नाही.

अवधूतनी माझा दंड धरला आणि मला खोक्यापर्यंत आणलं. बसवलं. झाकणात चहा ओतून दिला. मग स्वतः शेजारी बसले, एकादशीचे, माळ गळ्यात, रानाकडे तोंड करून.

"अहो, तुम्ही घरी जा. गारठा आहे."

"कुठून येतात?"

मी बोटानं दाखवलं. बंदूक भरून मांडीवर आडवी घेतली, नळी त्यांच्यापासून दूर.

"पुन्हा येतील आज?"

"येतील. पण बोलू नका, आवाजानं पळतात."

त्यांनी मान हलवली, हात मांडीखाली घेतले आणि गप्प बसून राहिले.